घोयरा आणि फिरतीचा माणूस

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळी लातूरहून आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. हा विद्यार्थी औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी आहे. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा त्याचा दर आठवड्याचा फेरा असतो. आदल्या दिवशी अहमदपूरजवळ रस्त्यालगतच्या एका बांधावर चार-पाच माणसे हातात दगड घेऊन उभी असलेली त्याने पाहिली. समोर बोरीच्या फांदीवर एक घोयरा सरडा बसला होता. “त्याला हात लावू नका, लई इखारी असतंय ते,” असे ती माणसे सांगत असतानाही याने तो उचलला, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला आणि मुक्कामी लॉजवर नेला. सकाळी पाहतो तो प्राणी काळवंडलेला, डोळे मिटलेले. “सर, मला हा पाळायचा आहे. पण मी सदा फिरतीवर. काय सोय करू?” त्याने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत दिले. परंतु तो प्रश्न विस्ताराने विचार करण्याजोगा वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

घोयरा म्हणजे कोण?

आपल्या कुंपणावर मान हलविणारा नेहमीचा सरडा आणि घोयरा हे वेगळे प्राणी आहेत. इंग्रजीत ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो घोयरा. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत व त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात मात्र एकच जात आहे. कोरड्या, झुडपी रानात, बोरी-बाभळींवर ती राहते. शेपटीसह लांबी सुमारे एक फूट. बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली, शेपटी फांदीला विळखा घालणारी, आणि दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरणारे.

संस्कृतात सरड्याला कृकलास म्हणतात. नृग राजा कृकलास होऊन विहिरीत पडला व श्रीकृष्णाच्या स्पर्शाने मुक्त झाला, ही भागवतातील कथा आपल्याकडे कीर्तनातून घरोघर पोचलेली आहे. कथेत ज्याला हात देऊन वर काढले, त्याच्या जातभाईवर आपण दगड उचलतो, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. वस्तुतः घोयऱ्याला विष नाही. फार छेडले तर तो अंग फुगवतो, फुत्कारतो, क्वचित चावतो. परंतु त्या चाव्याने कोणी दगावत नाही.

रंगाची भाषा

संधिसाधू माणसाला आपण ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असे म्हणतो. ही म्हण घोयऱ्यावर अन्याय करणारी आहे. तो मुख्यतः भोवतालाशी जुळवून घेण्यासाठी रंग बदलत नाही. थंडी, ऊन, भीती, राग, जोडीदाराची ओढ यांप्रमाणे त्याचा रंग पालटतो. जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर केलेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्वचेच्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्या स्फटिकांमधील अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो, असे त्यात दिसून आले. तात्पर्य, माणूस रंग बदलतो तो मन लपविण्यासाठी; घोयऱ्याच्या रंगातून मात्र त्याची अवस्था उघड होते. मात्र ती वाचायला रोज पाहणारा डोळा पाहिजे.

पाळण्यातील अडचणी

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपला घोयरा संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मग हेतू दयेचा का असेना.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्राण्याची शरीररचनाच आड येते. त्याच्या चार गरजा ध्यानात घ्याव्यात. एक, ऊब. तो स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. सकाळी उन्हाला बसून अंग तापवतो आणि ऊन वाढले की सावलीत सरकतो. बंद खोक्यात या दोन्ही गोष्टी अशक्य. शिवाय उन्हातील अतिनील किरणांवाचून त्याची हाडे मऊ पडतात. दोन, पाणी. वाटीतले स्थिर पाणी बहुधा त्याच्या लक्षातच येत नाही. पानांवरचे दवाचे व पावसाचे थेंब तो चाटतो. तीन, अन्न. अंगापेक्षाही लांब जीभ फेकून तो हलणारे जिवंत किडे टिपतो. मेलेल्या किड्याकडे सहसा पाहत नाही. चार, एकांत. तो एकलकोंडा प्राणी आहे. हाताळणे, धक्के, गोंगाट हे सारे त्याला संकटच वाटते.

आता फिरतीचा माणूस या चारही गरजा कशा भागविणार? प्राण्याला बरोबर न्यावे तर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तो तासाभरातही मरेल. घरी ठेवावा तर दिवसातून दोन-तीनदा पाने भिजविणारा आणि किडे पुरविणारा माणूस हवा. कुत्रे भुकेने केकाटते, मांजर पायात घोटाळते, शेजारी तरी धावतो; घोयरा ओरडून तक्रार करीत नाही. डोळे खोल गेले म्हणजे पाणी कमी पडले. दिवसा डोळे मिटले म्हणजे दुखणे. रंग काळवंडला म्हणजे थंडी किंवा भीती. या खुणा ज्याला दिसायच्या तो माणूस तर त्या वेळी लातूरच्या बसस्थानकावर उभा!

परदेशात येमेनकडील एक जात अनेक जण पाळतात. तेथे पाण्याचे तुषार व दिवे घड्याळावर चालतात. तरीही मालक बाहेरगावी गेला की जाणकार माणसाला घरी यावे लागते. अशी विदेशी जात भारतात बाळगायची तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार तिची नोंदणी बंधनकारक आहे. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, भर दुपारी वीज जाते. तेव्हा त्या घड्याळांच्या भरवशावर एक जीव किती दिवस सोडायचा, याचा ज्याने-त्याने विचार करावा.

मग करावे काय?

त्या विद्यार्थ्याला सांगितले, “खोके सावलीत ठेव, झाकणाला भोके पाड, पुन्हा हाताळू नकोस, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळव.” त्याने तसे केले. वनकर्मचाऱ्यांच्या देखत त्याच दिवशी तो प्राणी त्याच बोरीवर सोडण्यात आला. फांदीवर पाय टेकताच तो पाने हलावीत तसा डुलत डुलत आत गेला, असे त्याने नंतर सांगितले.

पण त्याचा खरा प्रश्न पुढेच होता. “सर, मी निघून जाईन. ती माणसे मात्र तिथेच राहणार. पुन्हा दगड उचलले तर?” हा प्रश्न कोणत्याही पिंजऱ्याने सुटणारा नव्हता. म्हणून पुढच्या फेरीला तो त्या बांधावर थांबला. शेतमालकाला आणि कामावरच्या बायामाणसांना त्याने समजावून सांगितले, की हा बिनविषारी आहे आणि पिकावरचे नाकतोडे, अळ्या खातो. एक म्हातारी म्हणाली, “मंग आधी कुणी सांगितलं न्हाई ते!” त्या एका वाक्यात आपल्या सर्व शिकल्या-सवरलेल्यांचा दोष आला आहे.

लातूर हा राज्यातील अत्यंत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. नांदेडला किनवट-माहूरचे जंगल तरी आहे. लातूरकडच्या घोयऱ्याला मात्र बांधावरची बोर, बाभूळ आणि काटेरी कुंपण एवढेच रान उरले आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हसून म्हणतो. परंतु ते कुंपणच तोडले तर त्याने धावावे कोठे? ज्याला घोयऱ्याची आवड आहे त्याने तो घरी आणू नये. त्याचा बांध राखावा आणि बांधावरच्या माणसाची भीती घालवावी. फिरतीच्या माणसाला हे काम घरबशापेक्षा अधिक जमण्यासारखे आहे, कारण त्याच्या वाटेवर असे बांध पुष्कळ असतात.

आमचा विद्यार्थी अजूनही त्या बोरीजवळ मोटारसायकल थांबवतो. आतापर्यंतच्या अनेक फेऱ्यांत घोयरा त्याला एकदाच दिसला. पण मागच्या खेपेला शेतातूनच एका पोराने हाक मारली, “काका, हाय बरं का तो! काल बघितला म्या.”