धुण्याचा दगड आणि धुण्याचे यंत्र

जुन्नर तालुक्यातून कुकडी व मीना, तर आंबेगाव तालुक्यातून घोड नदी वाहते. या नद्यांच्या काठी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या धुणे धुतले. कपडा भिजवावा, साबण लावावा, दगडावर आपटावा, खळबळून पिळावा, हे काम मोठे कष्टाचे असे.

आता कित्येक घरांत समोरून दार उघडणारे धुलाईयंत्र आले आहे. असे स्वयंचलित घरगुती यंत्र अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ साली लोकांपुढे ठेवले. यातील सच्छिद्र पिंप आडवे असते. ते फिरू लागले, की आतील उंचवटे कपड्यांना वर नेतात व तेथून कपडे खालच्या पाण्यात आपटतात. दगडाचे काम असे साधते. शेवटी पिंप मिनिटाला सुमारे १००० फेरे घेते. पाणी छिद्रांतून बाहेर फेकले जाते व कपडे पिळून निघतात.

उभ्या पिंपात सर्व कपडे बुडतील इतके पाणी घ्यावे लागते. आडव्या पिंपात कपडे आळीपाळीने भिजतात. म्हणून पाणी पुष्कळ कमी लागते. या गुणाचे येथे मोठे मोल आहे. माणिकडोह, वडज व डिंभे ही धरणे याच तालुक्यांतील. तरीही पश्चिमेकडील डोंगरांतल्या वाड्यांना उन्हाळ्यात ‘धरण उशाशी, कोरड घशाशी’ असा अनुभव येतो. तेथील स्त्रिया डोक्यावरून हंडे वाहतात.

म्हणून ज्यांच्या घरी यंत्र आहे, त्यांनी दोन-चार कपड्यांसाठी ते चालवू नये. यंत्र धुते व पिळते. परंतु कपडे वाळत घालणे व त्यांच्या घड्या करणे ही कामे उरतातच. ती घरातील मुलामुलींनी वाटून घ्यावीत.