'जे कमी ते': गरीब मुलाच्या शाळेचा हिशेब

गेल्या महिन्यात मंडळाच्या वाचनात आपण जोतीराव फुल्यांचं हंटर आयोगापुढचं निवेदन घेतलं होतं. ते १८८२ सालचं आणि मुळात इंग्रजीत, त्यामुळे साहित्य म्हणून त्याकडे सहसा कुणी बघत नाही. चर्चा नेहमीसारखी झिरपण्याच्या सिद्धांताकडे गेली. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे फुल्यांनी कसं खोडलं वगैरे. मी मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर अडकले.

तेव्हा निकाल बघून अनुदान द्यायची एक पद्धत होती. मुलं जशी पास होतील तसे पैसे. फुले म्हणतात, गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांत ही पद्धत कामाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जिवावर शाळा कोण काढील? मास्तराचं पोट कसं भरेल? म्हणून तिथे सरकारी शाळा हव्यात, आणि वेगळी उत्तेजनंही हवीत. मी याचा अर्थ असा लावते: ज्या घरात पाटी पहिल्यांदाच येते, तिथल्या मुलाला शिकवायला जास्त खर्च येतो, कमी नाही.

हे मला पटलं ते बरखेड्यामुळे. आम्ही भेलच्या क्वार्टरमध्ये राहतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदींच्या मुलीचा आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला, तेव्हा आईने पेढे वाटले होते. जूनमध्ये दीदी एक चिठ्ठी घेऊन आल्या. पुस्तकं, दोन युनिफॉर्म, बूट, व्हॅन. "फीस तो माफ है, बाकी का क्या करें?" शाळेचं नाव इथे सांगत नाही, अशी चिठ्ठी काही एकाच शाळेची नसते.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १२व्या कलमानुसार खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सरकार त्याचा परतावा शाळेला देतं. किती? सरकार स्वतः एका मुलामागे करतं तो खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी ते. साहित्याची विद्यार्थिनी असल्याने मी या तीन शब्दांवर थांबते. 'जे कमी ते'. परतावा म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई, तीही कमी बाजूने धरलेली. ज्या मुलीला घरी इंग्रजीचं अक्षर कुणी दाखवलं नाही, तिच्यासाठी जादा तास घ्यायचा तर त्याचे पैसे या सूत्रात बसतच नाहीत.

इंग्लंडमध्ये २०११ पासून उलटी रीत आहे. गरिबीमुळे मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलामागे शाळेला नेहमीच्या निधीवर जादा रक्कम मिळते, 'प्युपिल प्रीमियम'. जादा शिक्षक घ्यायचा की सकाळचा नाश्ता द्यायचा, हे शाळा ठरवते. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, पण मुलगा गरीब म्हणून आकडा वाढतो.

आपल्याकडे आकडे फार हळू हलतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गरीब घरच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला, रोज एक रुपया. मधल्या पंचाहत्तर वर्षांत रुपयाचं काय झालं, ते अर्थशास्त्रवाल्यांनी सांगावं!

आता घरची गोष्ट, जी लिहायला मला जड जातंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित आणि २०१४ च्या 'प्रमती' निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. म्हणजे आपल्या मिशनच्या शाळांनाही. (२०२५ मध्ये न्यायालयानेच त्या निकालावर शंका घेतली आहे.) संविधानाचा ३०वा अनुच्छेद मी हलक्यात घेत नाही, चारजणांत 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न ऐकत मोठं झालेल्याला त्याचं मोल कळतं. शिवाय फादर-सिस्टर गुपचूप फी माफ करतात, हेही पाहिलंय. पण ती माफी मागावी लागते. दीदी सिस्टरांच्या ऑफिसबाहेर उभ्या राहिल्या नसत्या. त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला, कारण तिथे कुणापुढे हात जोडायचे नव्हते. कायद्यातून सूट घेतलेल्या शाळांनी किमान दरवर्षी आपला आकडा सांगावा: किती गरीब मुलं, त्यांच्यावर जादा खर्च किती. आपल्या मंडळातले निम्मेअधिक जण अशाच शाळांतून आलेत. आपल्यालाही तो आकडा माहीत नाही.

ती मुलगी आता दुसरीत आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर मी तिला दीड तास इंग्रजी वाचायला बसवते. 'बी' आणि 'डी' अजून उलटसुलट होतात. पुढच्या बैठकीला निवेदनाची प्रत परत आणते. शिष्यवृत्त्यांचा भाग आपण चहा आला म्हणून सोडला होता.