पाण्यावरील पीक : अझोल्याची लागवड आणि तिचा जमाखर्च

शेतकरी आपल्या जमिनीचा हिशेब गुंठ्यागुंठ्यानें ठेवतो; परंतु विहिरीजवळचा हौद, शेततळें किंवा घरामागील डबकें यांच्या पाण्याचा पृष्ठभाग तो कोणत्याही खात्यांत धरीत नाहीं. वस्तुतः स्थिर पाण्यावरही पीक येतें. त्यास नांगरट नको, खुरपणी नको. मात्र या पिकाचा स्वभाव आधीं जाणून घ्यावा लागतो. तें चक्रवाढ व्याजासारखें वाढतें. आज एक, पांच-सात दिवसांनीं दोन, पुढें चार. जो रोज वसुली करील त्यास हें व्याज लाभतें. ज्याची वसुली थांबली त्याच्यावर तेंच उलटतें. या लेखांत अझोला नांवाच्या तरंगत्या वनस्पतीची लागवड कशी करावी, तिच्यापासून खरा लाभ किती, आणि भलतीच वनस्पति पाण्यांत शिरल्यास काय होतें, याचा विचार केला आहे.

अझोल्याची ओळख

अझोला हा नेच्याच्या वर्गांतील होय. त्याला फूल येत नाहीं. रोपाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणें वाढतो. एकेक रोप नखाएवढें, पानें खवल्यांसारखीं एकावर एक, आणि खालीं पाण्यांत लोंबणाऱ्या बारीक मुळ्या, असें त्याचें रूप असतें. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणु ज्याप्रमाणें हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, त्याप्रमाणें अझोल्याच्या पानांच्या पोकळींत राहणारे नीलहरित सूक्ष्म जीव त्यास नत्र पुरवितात. म्हणून वाळविलेल्या अझोल्यांत शेंकडा २० ते २५ भाग प्रथिनें सांपडतात. चीन व व्हिएतनाम येथील भातशेतकरी कित्येक शतकांपासून त्याचा हिरवळीच्या खताप्रमाणें उपयोग करीत आले आहेत.

खड्डा व लागवड

अर्धवट सावलीची सपाट जागा निवडावी. झाडाच्या अगदीं बुंध्याशीं खड्डा करूं नये, कारण मुळ्या कागद फोडतात व पालापाचोळा पाण्यांत कुजतो. २ मीटर लांब, २ मीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन कडेनें विटा रचाव्या आणि आंत प्लॅस्टिकचा जाड कागद सुरकुत्या न ठेवतां अंथरावा. त्यावर १० ते १५ किलो चाळलेली सुपीक माती सारखी पसरावी. २ किलो ताजें शेण व ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यांत कालवून ओतावें, आणि पाण्याची खोली सुमारें १० सेंटिमीटर, म्हणजे पांच-सहा बोटें, होईपर्यंत पाणी भरावें. नंतर अर्धा ते एक किलो स्वच्छ अझोला पृष्ठभागावर विखरून वरून हलकें पाणी शिंपडावें, म्हणजे उलटीं पडलेलीं रोपें सरळ होतात. दहा-पंधरा दिवसांत पृष्ठभाग भरून जातो.

त्यानंतर रोज ५०० ते ६०० ग्रॅम काढीत जावें. दर ५ दिवसांनीं १ किलो शेण व २० ग्रॅम सुपर फॉस्फेट द्यावें. दर १० दिवसांनीं पाव हिस्सा पाणी काढून नवें घालावें. महिन्यानें ५ किलो माती बदलावी. सहा महिन्यांनीं खड्डा रिकामा करून पुन्हां नव्यानें लावावा. काढलेली माती व पाणी भाजीपाल्यास घातल्यास त्यांतील खत वायां जात नाहीं.

पानें तांबूस होऊं लागलीं तर स्फुरदाची उणीव आहे, किंवा ऊन अथवा थंडी अधिक आहे, असें समजावें. २० ते ३० अंश उष्णमानांत वाढ उत्तम होते. ३५ अंशांपुढें ती मंदावते. विदर्भ-मराठवाड्यांतील वैशाखांत वर सावलीची जाळी किंवा तट्ट्या घातल्यावांचून अझोला टिकत नाहीं.

खरा जमाखर्च

काढलेला अझोला चाळणींत दोन-तीन वेळां धुवावा, नाहींतर शेणाच्या वासामुळें जनावर तोंड लावीत नाहीं. प्रथम थोडा आंबोणांत मिसळून संवय लावावी. दुभत्या गाईस अगर म्हशीस दिवसास दीड ते दोन किलो देण्याची रीत आहे. एका खड्ड्याचें उत्पन्न अर्धा किलो धरलें तर एका जनावरास तीन-चार खड्डे लागतील, हें आरंभींच ध्यानांत घ्यावें.

आतां दुसरी रकम मांडूं. ओल्या अझोल्यांत शेंकडा ९४-९५ भाग पाणीच असतें. म्हणजे दोन किलोंत सुकें द्रव्य सुमारें १०० ग्रॅम आणि त्यांत प्रथिनें सुमारें २५ ग्रॅम. भुईमुगाच्या पेंडींत शेंकडा ४५ च्या आसपास प्रथिनें असतात. तेव्हां तेवढींच प्रथिनें ५५-६० ग्रॅम पेंडींतून, म्हणजे एका मुठींतून, मिळतात. "खड्डा करा आणि पेंडीचें पोतें बंद करा" असें कोणी सांगूं लागल्यास त्याच्यापुढें हा आंकडा ठेवावा. अझोला ही पेंडीची बदली नव्हे. ती एक जोड आहे. ज्याच्या घरीं कोंबड्या-शेळ्या आहेत, हिरव्या चाऱ्यास जमीन नाहीं, आणि सकाळीं अर्धा तास देणारें माणूस घरचेंच आहे, त्यास ती परवडते. मजूर लावून करणाऱ्यानें आधीं एकच खड्डा करून महिनाभर वजन लिहून ठेवावें.

कोंकणांत किंवा भंडारा-गोंदियाकडे, जेथें खाचरांत पाणी उभें राहतें, तेथें अझोल्याचा दुसरा उपयोग आहे. हेक्टरी १० टन ओला अझोला चिखलणींत गाडला गेला तर २० ते ३० किलो नत्र जमिनीस मिळतें. खाचर सुकलें कीं तो मरतो, एवढें मात्र लक्षांत असावें.

जलपर्णीपासून सावध

अझोला आणतांना माझ्या हातून घडलेली चूक येथें सांगणें अवश्य वाटतें. मुलकी खात्यांतील कारकुनी संपल्यावर मीं घरामागें हौद बांधला आणि बियाण्याचा अझोला एका तलावावरून आणला. तेथेंच जांभळ्या तुऱ्यांचीं सुरेख झाडें तरंगत होतीं. शोभेसाठीं त्यांचीं दोन रोपें पिशवींत घातलीं. श्रावणांत हौद भरून वाहिला आणि कांहीं रोपें ओढ्यानें गांवतळ्यांत गेलीं. पुढील चैत्रांत अर्धें तळें झांकलें. गुरें पाण्यांत उतरेनात, मासे मरून वर आले, डांस वाढले. सर्व गांवानें कमरेएवढ्या पाण्यांत उभें राहून ती जलपर्णी ओढून काढली, मींही काढली. परंतु ती कोणीं आणली, हें मीं त्या वेळीं सांगितलें नाहीं. तें आज लिहीत आहें. तिचें बीं चिखलांत पंधरा-वीस वर्षें जिवंत राहतें, त्यामुळें दरवर्षीं नवीं रोपें उगवतात आणि काढावीं लागतात.

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील. फुलांच्या शोभेसाठींच ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालांत आली, आणि तिच्या निर्मूलनासाठीं तेथें १९३६ सालीं कायदा करावा लागला. आपल्याकडे उजनी जलाशय, पवना व इंद्रायणी या नद्या आणि कोल्हापूरचा रंकाळा यांवर तिचा उपद्रव सर्वांस ठाऊक आहे. अनुकूल पाण्यांत ती दोन आठवड्यांच्या सुमारास दुप्पट होते. दहा वेळां दुप्पट झाली कीं एकाचीं हजारांवर रोपें होतात.

म्हणून अझोल्याचें बियाणें नदीतळ्यावरून न आणतां कृषि विज्ञान केंद्रांतून अगर माहितीच्या शेतकऱ्याकडून आणावें. पांढऱ्या पाटींत पसरून, दुसरें कांहीं रोप दिसल्यास वेंचून उन्हांत वाळवावें. खड्ड्याचा कांठ जमिनीहून वीतभर उंच ठेवावा, आणि पावसाळ्यांत त्याचें पाणी ओढ्यास जाऊं देऊं नये. जलपर्णीचीं दोन रोपें दिसलीं तर त्याच दिवशीं, फुलण्यापूर्वीं, उपटून कांठापासून दूर वाळत टाकावीं. पहिल्या दिवशीं हें काम एका माणसाचें असतें. वर्षानें तें सर्व गांवाचें होतें.