विद्यापीठाचे पेटंट आणि घरची हळद

साक्री तालुक्यात गवत कापताना विळा बोटाला लागला, तर दवाखान्याची आठवण नंतर होते. आधी हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. पांझरेकाठच्या गावांत हे जसे आहे, तसेच पिंपळनेरच्या पश्चिमेस डोंगरात राहणाऱ्या भिल्ल व कोकणा वस्त्यांतही आहे. हळद जखमेवर चालते, हे येथे कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या याच वापरावर 28 मार्च 1995 रोजी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट देण्यात आले आणि ते रद्द करून घेण्यासाठी भारताला छापील पुराव्याचा शोध घ्यावा लागला. या प्रकरणाला बराच काळ लोटला आहे. तथापि त्यात जो कायद्याचा प्रश्न उभा राहिला, तो खानदेशातील महाविद्यालयांना आणि डोंगराळ भागातील जाणत्यांना आजही लागू आहे. म्हणून त्याचा थोडा तपशिलात विचार करणे योग्य ठरेल.

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, हा एक प्रकारचा करार आहे. संशोधकाने आपला शोध संपूर्णपणे, काहीही हातचे न राखता, लिहून द्यावयाचा. त्याच्या मोबदल्यात तो शोध इतरांनी परवानगीवाचून वापरू नये, असा हक्क शासन त्यास अर्जाच्या दिनांकापासून 20 वर्षांपर्यंत देते. शोध नवा असावा, त्या विषयातील जाणकारास सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा असावा, अशा तीन अटी आहेत. हा हक्क ज्या देशाने दिला, त्या देशापुरताच असतो. अमेरिकेतील पेटंटामुळे साक्रीच्या गृहिणीस हळद वापरण्याची बंदी होणार होती, असे त्या वेळी अनेकांनी मानले. ते बरोबर नव्हते. बाधा येणार होती ती अमेरिकेत हा वापर करू पाहणाऱ्यांना, आणि त्या उपयोगासाठी तेथे हळदीची उत्पादने विकू इच्छिणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना.

विद्यापीठांनी औषधांची पेटंटे घ्यावीत का, हा प्रश्नही जुनाच आहे. टोरांटो विद्यापीठात इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हा संशोधकांनी 1923 साली आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्यामागे नफ्याचा विचार नव्हता. दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन मक्तेदारी निर्माण करू नये आणि भेसळयुक्त औषध बाजारात येऊ नये, एवढाच उद्देश होता. पेटंट हे कुंपण आहे खरे. पण ते कोण घालतो आणि कशासाठी घालतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

हळदीच्या पेटंटाचे अर्जदार दोन संशोधक मूळचे भारतीयच होते. हळदीची पूड जखमेवर लावून किंवा पोटात देऊन जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर त्यांनी हक्क मागितला होता. येथे वाचकांच्या मनात साहजिकच शंका येईल की, जी गोष्ट कोट्यवधी घरांत रोज घडते, ती अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने नवीन कशी मानली? याचे उत्तर त्या देशाच्या तत्कालीन कायद्यात होते. परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात आहे, लोकांना माहीत आहे, एवढ्याने तेथे शोधाचे नवेपण जात नसे. परदेशातील ज्ञान विचारात घेतले जाई ते छापील स्वरूपात किंवा पेटंटच्या रूपात असेल तरच. आजीने नातवाच्या गुडघ्याला लावलेली हळद त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. छापलेले एक पान मात्र होते.

गोव्यातील माशेल येथे जन्मलेले, मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे 1995 साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने ऑक्टोबर 1996 मध्ये या पेटंटाच्या फेरतपासणीसाठी अर्ज केला. अर्जासोबत 32 संदर्भ जोडले होते. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे होते, त्याचप्रमाणे भारतीय वैद्यक परिषदेच्या, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या, नियतकालिकात 1953 साली प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे अमान्य केले. विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकेतील पेटंट रद्द करून घेतल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण होय.

या विजयाचा आनंद देशभर झाला व तो योग्यच होता. परंतु आपल्या पदरी नवे काय पडले, हेही पाहिले पाहिजे. जे आपले होते ते आपल्याकडे राहिले, इतकेच. हळदीपासून एखादे नवे औषध त्या निकालाने तयार झाले नाही. शिवाय हळदीविषयी ग्रंथ होते म्हणून ती वाचली. ज्या वनस्पतीविषयी कोणी काही लिहिलेच नव्हते, तिचे काय झाले असते?

त्यानंतर कायद्यात महत्त्वाचे बदल झाले. आपल्या 1970 च्या पेटंट अधिनियमात 2002 साली दुरुस्ती करून पारंपरिक ज्ञान हे पेटंटास पात्र नाही, असे स्पष्ट करण्यात आले. त्याच दुरुस्तीने हरकतीचे एक नवे कारण कायद्यात आले: भारतातील वा अन्यत्र कोठल्याही स्थानिक समाजास जे ज्ञान मौखिक रूपाने का होईना, पण उपलब्ध आहे, त्यावर पेटंट मागितले असेल तर हरकत घेता येते. वस्तीवरील वृद्धाचे तोंडचे ज्ञान आपल्या कायद्याने अशा रीतीने ग्राह्य धरले. अमेरिकेनेही आपला कायदा बदलला असून, 16 मार्च 2013 पासूनच्या अर्जांना जगात कोठेही असलेला सार्वजनिक वापर आड येऊ शकतो.

2001 साली सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयात आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी शास्त्रांच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी व स्पॅनिश या भाषांत मांडून ते परदेशी पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी उपलब्ध करून दिले आहेत. हे कार्य मोलाचे आहे. पण त्याचा आधार ग्रंथ हाच आहे. कुड्याची साल अतिसारावर देतात, हे आयुर्वेदात कुटज या नावाने नमूद असल्याने सुरक्षित आहे. कोंडाईबारीच्या जंगलपट्टीतील एखाद्या जाणत्याला जे त्याच्या वडिलांकडून मिळाले आणि कोणत्याही पोथीत नाही, ते या ग्रंथालयात सापडणार नाही. कायदा मौखिक ज्ञान मानतो. परंतु ते ज्ञान होते हे दाखवणार कोण आणि कशाने?

यावर केवळ 'लिहून काढा' असे सांगणे सोपे आहे. पण लिहून जाहीर केले की परक्याचे पेटंट अडते, तसा त्या समाजाचा मोबदला मागण्याचा मार्गही अरुंद होतो. केरळातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. 1987 साली अगस्त्य पर्वतात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या पथकातील शास्त्रज्ञांना, वाटाड्या म्हणून आलेले काणी आदिवासी चढणीवर एक रानफळ खाऊन ताजेतवाने राहतात, असे आढळले. 'आरोग्यपच्चा' नावाच्या त्या वनस्पतीवर तिरुवनंतपुरमजवळील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने संशोधन करून 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. 1995 साली ते एका औषधनिर्मात्यास 10 लाख रुपये व विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन या अटींवर दिले आणि या रकमेतील निम्मा वाटा काणी समाजास द्यावयाचे संस्थेने ठरवले. 1997 साली त्यासाठी काणी समाजाचा विश्वस्त निधी स्थापन झाला. पुढे वनातून पाने गोळा करण्यास वन खात्याच्या हरकती आल्या, त्यामुळे हा प्रयोग अपेक्षेइतका बहरला नाही. तरीही ज्याने वनस्पती दाखवली त्याचा वाटा आधी ठरवावा, ही रीत त्याने घालून दिली.

जैवविविधता अधिनियम, 2002 नुसार ग्रामपंचायतीसह प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करावयाची आहे. वनस्पती, तिचे स्थानिक नाव, उपयोग आणि तो जाणणारी व्यक्ती यांची नोंद त्यात होते. ही नोंदवही वर्षातून एकदा तपासणीपुरती भरून ठेवली तर तिचा काहीच उपयोग नाही. दिनांक, सांगणाऱ्याची संमती आणि कोणती माहिती उघड करावयाची नाही याचा स्पष्ट उल्लेख असेल, तर तीच वही उद्या हरकतीत पुरावा होऊ शकेल.

खानदेशातील महाविद्यालये 1990 पर्यंत पुणे विद्यापीठाकडे होती. त्या वर्षी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी स्थानिक वनस्पती हा हाताशी असलेला विषय आहे. त्यांच्याकडून बहुधा घडणारी चूक एकच: परिसंवादात निबंध वाचावयाचा, तो छापावयाचा, आणि मग पेटंटचा विचार करावयाचा. काही मर्यादित अपवाद वगळता, स्वतःच्याच लेखाने स्वतःच्या शोधाचे नवेपण जाते. तात्पुरते विवरणपत्र आधी दाखल केल्यास पूर्ण विवरणपत्रासाठी 12 महिने मिळतात. निबंध त्यानंतर खुशाल छापावा. शिक्षणसंस्थांना 2021 पासून शुल्कात 80 टक्के सवलत असल्याने खर्चाची सबबही फारशी उरलेली नाही.

काय मागता येईल आणि काय नाही, हेही जाणून असावे. रोग्यावर उपचार करण्याची पद्धत आपल्याकडे पेटंटास पात्र नाही. दोन ज्ञात द्रव्यांचे साधे मिश्रणही नाही. वनस्पतीतील कार्यकारी द्रव्य वेगळे करण्याची नवी प्रक्रिया, औषध शरीरात हळूहळू सोडणारी नवी रचना किंवा तपासणीचे नवे उपकरण यांना मात्र वाव आहे. अर्जात जैविक सामग्री कोठून आणली, ते लिहावे लागते, आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील नोंदणी वा मान्यतेची पूर्तताही करावी लागते. प्रबंधाच्या आभारात 'स्थानिक आदिवासी बांधव' असे दोन शब्द लिहून हे कर्तव्य संपत नाही.

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयात दाखल होतात. सर्वसाधारणपणे 18 महिन्यांनंतर ते प्रसिद्ध केले जातात. कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते व संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणाही व्यक्तीस लेखी हरकत घेता येते. त्यासाठी ती व्यक्ती शास्त्रज्ञ असण्याची अट नाही. साक्रीच्या महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाने आठवड्यातून तासभर हे अंक चाळण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवले आणि संशयास्पद अर्ज गावच्या नोंदवहीशी ताडून पाहिले, तर हळदीच्या वेळी दिल्लीतून जे करावे लागले ते तालुक्याच्या ठिकाणाहूनही करता येईल.