डिस्क ब्रेकची पकड : एक सोपे गणित

घाटातून उतरणाऱ्या वाहनातील प्रवाशांची सुरक्षितता ब्रेकच्या पकडीवर अवलंबून असते. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडमध्ये आवळणे, हे डिस्क ब्रेकचे कार्य होय. ही पकड किती, याचे गणित माध्यमिक शाळेतील विज्ञानापलीकडचे नाही.

समजा, चालकाने पेडलवर ३० किलोग्रॅम भाराइतका जोर दिला. पेडल ही तरफच असते. ती जोर चौपट करीत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२० किलोग्रॅम बल पडते. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौ. सें.मी. असल्यास ब्रेक ऑइलमध्ये दर चौ. सें.मी.ला ३० किलोग्रॅम दाब निर्माण होतो. पास्कलच्या नियमानुसार हाच दाब चाकाजवळील कॅलिपरमध्ये पोहोचतो. तेथील दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौ. सें.मी. धरल्यास पकडीचे बल ३० × २० = ६०० किलोग्रॅम येते. बूस्टर असलेल्या वाहनात ते याहून अधिक असते.

येथे एक चूक होण्याचा संभव असतो. सरकत्या कॅलिपरमध्ये दट्ट्या एकाच बाजूस असतो. प्रतिक्रियेमुळे दुसरा पॅडही तितक्याच बलाने दाबला जातो. म्हणून पकड दुप्पट धरू नये. घर्षण मात्र चकतीच्या दोन्ही पृष्ठांवर होते. घर्षणांक ०.४ असल्यास घर्षणबल २ × ०.४ × ६०० = ४८० किलोग्रॅम होते. ते चाकाच्या मध्यापासून १० सें.मी. अंतरावर लागू होत असेल व चाकाची त्रिज्या ३० सें.मी. असेल, तर रस्त्यावर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे १६० किलोग्रॅम रोध मिळतो.

या गणिताने दोषाचे स्थानही कळते. पॅडला तेल लागले किंवा ते अतितप्त झाले आणि घर्षणांक ०.२ वर आला, तर पकड ६०० च राहूनही रोध ८० वर येतो. पेडल घट्ट लागते, पण वाहन थांबत नाही. याउलट, ऑइल उकळून त्यात वाफ झाली, तर दाबच निर्माण होत नाही व पेडल खाली जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते.

म्हणून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वाहनाचे ब्रेक ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावे, पॅडची जाडी नियमित तपासावी आणि उतारावर वाहन खालच्या गिअरमध्येच चालवावे.