छोट्या कार्यशाळेत संगणक-नियंत्रित राउटरची उभारणी

लाकडी फळीवर नक्षी कोरणे, प्लायवूडमधून ठरावीक मापाचे तुकडे कापणे, नामफलकावरील अक्षरे उठविणे ही कामे संगणकाच्या आज्ञेनुसार करणारे यंत्र 'सीएनसी राउटर' या नावाने ओळखले जाते. शहरांतील फर्निचरच्या कारखान्यांत ते आता नित्याचे झाले आहे. तथापि, घरालगतच्या एखाद्या खोलीत, बाजारात सुटे मिळणारे भाग जोडून हे यंत्र स्वतः उभारता येते, आणि जगात अनेक ठिकाणी हौशी कारागिरांनी ते उभारले आहे, ही माहिती आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. शाळेच्या कार्यशाळेसाठी अथवा गावातील होतकरू सुतारासाठी असे यंत्र विकत घ्यावे की तयार करावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे येईल, त्यांना त्याच्या घडणीची तोंडओळख असणे इष्ट होय.

या यंत्राचा उगम लाकूडकामात नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असत. पात्याचा वक्राकार छेद हाताने अचूक साधणे जिकिरीचे होते. वक्रावरील अनेक बिंदूंची मापे गणिताने आधीच काढावीत आणि तीच यंत्राला पुरवावीत, अशी कल्पना त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पुढे आणली. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने या कामास अर्थसाहाय्य दिले. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच एमआयटीत, भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आले. त्याचे नियंत्रक उपकरण मूळ यंत्रापेक्षाही अधिक जागा व्यापीत असे. आज तेच काम तळहातावर मावणारी 'आर्डुइनो' जातीची विद्युत्-पट्टी करते. या पट्टीची आज्ञा साठविण्याची क्षमता अवघी ३२ किलोबाइट असते. तरीही २००९ पासून विनामूल्य उपलब्ध असलेली 'जीआरबीएल' ही आज्ञावली तिच्यावर बसवून तीन अक्षांचे यंत्र सहज चालविता येते.

नियंत्रक इतका सुलभ झाला, आणि नेमका तेथेच नवशिक्यांचा गैरसमज होतो. यंत्राची अचूकता संगणकात असते असे त्यांना वाटते. वस्तुतः ती सांगाड्यात असते, आणि सांगाड्याचे शास्त्र गवंडी व सुतार यांना पूर्वीपासून अवगत आहे.

सांगाडा आणि काटकोन

यंत्राची रचना पुढीलप्रमाणे असते. खाली टेबलासारखी बैठक. बैठकीच्या दोन्ही बाजूंना सरळ रूळ. त्या रुळांवरून पुढे-मागे सरकणारी कमान. कमानीवर डावी-उजवीकडे जाणारा गाडा. आणि गाड्यावर वर-खाली होणारा राउटर. या तीन हालचालींना अनुक्रमे वाय, एक्स व झेड अक्ष म्हणण्याचा प्रघात आहे. राउटर म्हणून सुतार वापरतात तो लहान 'ट्रिमर' चालतो.

कापताना पात्यावर बाजूने रेटा येतो आणि कमान किंचित वाकते. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईचा गाळा दुप्पट केला, तर मध्यभागी तेवढ्याच भाराने पडणारा बाक आठपट होतो. उलट, ज्या दिशेने भार येतो त्या दिशेची जाडी दुप्पट केली, तर बाक एक-अष्टमांशावर येतो. स्लॅबखालची तुळई उभट का असते, याचे कारण हेच. म्हणून पहिलेच यंत्र ८ फूट बाय ४ फुटांच्या अख्ख्या प्लायवूडसाठी बांधण्याचा मोह टाळावा. ६०० मि.मी. बाय ८०० मि.मी. कामाचे क्षेत्र शिकण्यास आणि पाट, फलक, खेळणी, लहान कपाटांची दारे करण्यास पुरेसे आहे.

हे माप निवडण्यात आणखी एक सोय आहे. पाया आखताना गवंडी ३-४-५ चे माप धरून कोपरा गुण्यात आणतो. तीच रीत येथे चालते. एका कोपऱ्यापासून एका बाजूने ६०० व दुसऱ्या बाजूने ८०० मि.मी. मोजल्यावर तिरके अंतर बरोबर १,००० मि.मी. भरले पाहिजे. चारही बाजू बसविल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान येईपर्यंत बोल्ट घट्ट आवळू नयेत. त्यानंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून कर्णरेषेत दोन दोरे ताणावेत. ते मध्यभागी एकमेकांना नुसते टेकले, तर चौकट पिळलेली नाही असे समजावे. एक दोरा दुसऱ्याला दाबत असेल किंवा दोहोंत फट राहत असेल, तर पायाखाली पाचर देऊन पीळ काढावा. कमान एका बाजूला जराशी पुढे राहिली, तर यंत्राने कापलेला प्रत्येक चौकोन तिरपा निघतो, आणि संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. या कामाला दोन दिवस लागले तर खुशाल लागू द्यावेत.

मोटार, मळसूत्र आणि गुणोत्तर

गाडा सरकविण्यासाठी 'स्टेपर' मोटारी वापरतात. नेहमीच्या मोटारीप्रमाणे ती अखंड फिरत नाही. एका फेऱ्याचे ती २०० समान टप्पे करते. तिला वीज पुरविणारा 'ड्रायव्हर' प्रत्येक टप्प्याचे आणखी आठ भाग करील असे ठरविले, तर एका फेऱ्यासाठी १,६०० विद्युत्-स्पंद लागतात. मोटारीला जोडलेला मळसूत्री दांडा एका फेऱ्यात गाडा ५ मि.मी. सरकवीत असेल, तर १ मि.मी. साठी ३२० स्पंद होतात. दांड्याऐवजी २ मि.मी. अंतरावर दाते असलेला पट्टा व २० दात्यांची कप्पी असेल, तर एका फेऱ्यात ४० मि.मी. अंतर कापले जाते आणि १ मि.मी. साठी ४० स्पंद पुरतात. पट्टा स्वस्त व वेगवान असतो, परंतु ताणला जातो. मळसूत्र महाग पण खंबीर.

गणिताच्या शिक्षकांना येथे उत्तम पाठ सापडेल. पट्ट्याच्या यंत्राला ३०० मि.मी. सरकण्याची आज्ञा दिली आणि ते २९८.५ मि.मी. सरकले, तर दुरुस्त आकडा ४० गुणिले ३०० भागिले २९८.५, म्हणजे ४०.२ येतो. मात्र आकडा बदलण्यापूर्वी तीच चाचणी तीनदा घ्यावी. तिन्ही वेळा चूक सारखीच आली, तरच ती आकड्याची. दर वेळी निराळी आली, तर दोष पट्ट्याच्या ढिलाईत, कप्पीच्या सैल स्क्रूमध्ये किंवा मोटारीचे टप्पे चुकण्यात आहे. आकडे बदलून तो जाणार नाही.

टप्पे चुकण्याची बाब विशेष ध्यानात घ्यावी. या साध्या रचनेत गाडा खरोखर कोठे आहे हे नियंत्रकाला कळत नाही. आपण पाठविलेले सर्व स्पंद पाळले गेले, असे तो गृहीत धरतो. पाते गाठीत अडले आणि मोटार क्षणभर थबकली, तर पुढील सारी नक्षी सरकलेली निघते.

आज्ञा व वेग

यंत्राला दिल्या जाणाऱ्या आज्ञांची भाषा 'जी-कोड' होय. कला शाखेच्या पदवीधरालाही ती एका दुपारी वाचता येते. जी२१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. जी९० म्हणजे सर्व अंतरे एकाच आरंभबिंदूपासून. 'जी१ एक्स१०० एफ८००' म्हणजे मिनिटाला ८०० मि.मी. वेगाने सरळ रेषेत एक्सच्या १०० व्या मिलिमीटरपर्यंत जा. प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत भरावी लागतात. लांबलचक आज्ञा हाताने लिहाव्या लागत नाहीत. 'इंकस्केप', 'फ्रीकॅड' यांसारख्या विनामूल्य आज्ञावलींच्या साहाय्याने चित्रावरून त्या तयार होतात.

वेग मात्र माणसाने ठरवावा लागतो. पाते मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, त्याला दोन धारा असतील आणि प्रत्येक धारेने ०.०५ मि.मी. लाकूड काढावे असे ठरविले, तर गाड्याचा वेग मिनिटाला १,८०० मि.मी. येतो. भीतीपोटी वेग फार कमी ठेवल्यास धार कापण्याऐवजी घासत राहते, लाकूड काळे पडते व पाते जळते. खोली कमी ठेवून वेग राखणे श्रेयस्कर.

वीज, धूळ आणि सुरक्षितता

हा भाग शाळांनी वगळता कामा नये. वीज गेली की यंत्र आपली जागा विसरते. म्हणून प्रत्येक अक्षाच्या टोकाला मर्यादा-स्विच बसवून काम सुरू करण्यापूर्वी गाडा मूळ जागी आणण्याची सोय हवी. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वीज परत येणे. ट्रिमरचे बटण 'चालू' स्थितीत राहिले असेल, तर वीज येताच तो आपोआप फिरू लागतो, आणि त्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याचा हात पात्याजवळ असू शकतो. कृषिपंपाला 'ऑटो स्विच' लावून वीज येताच मोटार सुरू करण्याची सवय ग्रामीण भागात आहे. येथे नेमके उलट हवे: स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइलप्रमाणे, वीज गेल्यावर जोडणी तुटून राहिली पाहिजे आणि माणसाने बटण दाबल्याखेरीज ती पुन्हा जुळता कामा नये. आणीबाणीच्या लाल बटणाने केवळ संगणकाचा कार्यक्रम थांबून भागत नाही. ट्रिमरची व मोटारींची वीज तुटली पाहिजे. सांगाड्याला अर्थिंग द्यावे.

लाकडाची धूळ ही कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले. एमडीएफची धूळ तर अतिशय बारीक असते आणि त्या फळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्य असते. पात्याजवळच धूळ ओढणारा पंप, मुखपट्टी आणि चष्मा हे ऐच्छिक साहित्य समजू नये. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. ओढणी, पदर व सैल बाह्या आवरून घ्याव्यात.

पाबळचे उदाहरण

यंत्र करता करता शिक्षण, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली आणि हाताने काम करून शिकण्याची पद्धत रुजविली. एमआयटीबाहेरील पहिली 'फॅब लॅब' २००२ मध्ये याच ठिकाणी सुरू झाली. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमार्फत अनेक शाळांत त्रिमिती मुद्रक व विद्युत्-पट्ट्या पोहोचल्या आहेत. राउटरचा नियंत्रक त्याच पट्ट्यांच्या कुळातील असल्याने या शाळांना नवे शिकावे लागेल ते मुख्यतः सुतारकामच. ते शिकविण्यासाठी गावातील अनुभवी सुताराला मानधन देऊन बोलाविणे उचित ठरेल. आपण पाहिलेली, जुळविलेली आणि बिघडल्यावर उघडलेली वस्तू विद्यार्थी पुन्हा सुरू करतात. सीलबंद खोक्यातून आलेले यंत्र पहिल्या बिघाडानंतर बहुधा आच्छादनाखाली जाते.

सुताराच्या हाताला हे यंत्र पर्याय नव्हे. लाकडाचा रेषा-प्रवाह पाहून फळी निवडणे, सांधा बसविणे, कडा घासून तकतकीत करणे ही कामे त्याच्याकडेच राहतात. देवनागरी अक्षरे आरपार कापताना 'व' व 'क' यांच्या पोटातील तुकडे गळून पडतात; त्यांना पूल कोठे ठेवायचा, हेही पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

यंत्र तयार झाल्यावर बैठकीवर टाकलेली फळी त्याच यंत्राने रंधून सपाट करावी. मग १०० मि.मी. व्यासाचे वर्तुळ कापून ते चार दिशांनी मोजावे. अक्षाची दिशा बदलते त्या चार ठिकाणी कड चपटी दिसली, तर मळसूत्र व नट यांत ढिलेपणा आहे. वर्तुळ लंबगोल आले, तर सर्वप्रथम दोन अक्षांचे आकडे तपासावेत आणि ते बरोबर असल्यास काटकोन पुन्हा पाहावा. बाहेरून बांधून घेतलेल्या यंत्राचे देयक मंजूर करण्यापूर्वीही हीच चाचणी समितीसमोर घ्यावी आणि मापे नोंदवहीत लिहून ठेवावीत.