गंजलेला सांगाडा

दिल्लीच्या द्वारकेला समुद्र नाही. तरीही पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या पोकळ सांगाड्यात चिखल साचतो आणि गंज तो आतून पोखरतो. वरून रंग फासल्याने तो केवळ झाकला जातो. भरधाव गाडीचा सांगाडा मोडला, तर जिवावर बेतते. जाणता कारागीर प्रथम हातोडीने ठोकून पाहतो : निकोप लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. बॅटरीच्या तारा सोडवून, इंधनाची टाकी उतरवून, कुजका भाग निकोप धातूपर्यंत कापतात व तितक्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडतात. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे टिकला, तो मुख्यतः त्यातील फॉस्फरसमुळे. गाडीच्या पोलादाला ते कवच नाही; म्हणून जोडावर प्रायमर लावतात, पोकळीत मेणयुक्त तेल फवारतात आणि तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवतात.